दोन सामाईक भिंतींमधला उजेड: लंडनमधलं जॉन सोन यांचं घर

लंडनमध्ये लिंकन्स इन फील्ड्स नावाचं मोठं चौकोनी उद्यान आहे. त्याच्या उत्तर बाजूच्या घरांच्या रांगेत १२, १३ आणि १४ क्रमांकाची तीन घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. वास्तुविशारद जॉन सोन यांनी १७९२ ते १८२४ या काळात ती एकेक करून घेतली आणि नव्यानं बांधली. मधल्या १३ क्रमांकाच्या घरात ते १८१३ पासून १८३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले. आज तिथे त्यांच्याच नावाचं संग्रहालय आहे.

या घरावर लिहिलं जातं ते बहुतेक वेळा त्यातल्या वस्तूंबद्दल: इजिप्तच्या राजाची दगडी शवपेटी, इंग्रज चित्रकार हॉगार्थची चित्रं, शेकडो मूर्ती आणि प्लास्टरचे ठसे, म्हणजे मूळ शिल्पांवरून साच्यात काढलेल्या प्रतिकृती. मला हे घर अभ्यासाला घ्यावंसं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. रांगेतल्या घराला डावी-उजवीकडे खिडकी काढता येत नाही. पुढून रस्ता, मागून परसू, एवढ्या दोनच बाजूंनी उजेड येतो आणि मधल्या खोल्या अंधारात राहतात. पुण्याच्या पेठांमधल्या अरुंद घरांत किंवा आजच्या रो-हाऊसमध्ये राहिलेल्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. सोन यांनी ती कशी सोडवली, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

आधी त्या काळचं नेहमीचं घर कसं असे ते पाहू. अठराव्या शतकातलं लंडनचं जॉर्जियन घर म्हणजे अरुंद, उंच आणि खोलवर गेलेली विटांची इमारत. पुढून एका मजल्यावर दोन किंवा तीन खिडक्या. रस्ता आणि घर यांच्या मध्ये लोखंडी कठड्यानं बंदिस्त केलेला एक खड्डा, त्यातून तळघरातल्या स्वयंपाकघराला उजेड मिळे. तळमजल्यावर जेवणघर आणि बैठक, पहिल्या मजल्यावर सगळ्यात उंच छताचा दिवाणखाना, त्याच्यावर झोपायच्या खोल्या आणि अगदी वर माळ्यावर नोकरमंडळी. कोणता मजला किती मानाचा हे बाहेरून खिडक्यांच्या उंचीवरूनच कळतं: पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत लांब, वर जाल तसतशा आखूड. १७७४ च्या इमारत कायद्यानं घरांच्या प्रती ठरवून दिल्या होत्या, भिंतींची जाडी ठरवली होती आणि आगीच्या भीतीनं दर्शनी भागावरच्या लाकूडकामाला आणि पुढे येणाऱ्या भागांना आळा घातला होता. त्यामुळे रस्तेच्या रस्ते एकसारखे दिसत. त्या एकसारखेपणात मोठी शिस्त आहे आणि लंडनचे जुने भाग आजही देखणे वाटतात ते तिच्यामुळेच. पण आतल्या मधल्या खोलीचा प्रश्न त्या शिस्तीनं सुटत नव्हता.

सोन गवंड्याच्या घरात जन्मले, १७५३ मध्ये. जॉर्ज डान्स या वास्तुविशारदाच्या कचेरीत आणि रॉयल अकॅडमीत शिकले, इटलीत दोन वर्षं राहून आले आणि १७८८ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद झाले. लग्नानंतर काही वर्षांनी पत्नी एलायझाच्या बांधकाम व्यावसायिक काकांचा वारसा त्यांच्याकडे आला आणि त्या पैशातून १७९२ मध्ये १२ क्रमांकाचं घर घेता आलं. ते पाडून बांधलं, मागच्या बाजूला कचेरी थाटली. पुढे १८०६ मध्ये ते रॉयल अकॅडमीत वास्तुकलेचे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांना दाखवायला ठसे, नमुने, रेखाटनं हवी होती आणि ती ठेवायला जागा हवी होती. म्हणजे एकाच छपराखाली संसार, कचेरी आणि शिकवण्याचा संग्रह असं तिहेरी ओझं आलं.

इथे त्यांनी केलेली खेळी फार हुशारीची आहे. १८०७ मध्ये त्यांनी शेजारचं १३ क्रमांकाचं घर घेतलं, पण त्याचे आधीचे मालक पुढच्या भागात भाडेकरू म्हणून राहत राहिले. सोन यांनी आधी फक्त मागची तबेल्याची जागा वापरली आणि तिथे वरून उजेड येणारं दालन उभारलं. १८१२ मध्ये दोन्ही कुटुंबांनी घरांची अदलाबदल केली. भाडेकरू १२ मध्ये गेले, सोन यांनी १३ चा पुढचा भाग पाडला आणि पुन्हा बांधला. १८२३ मध्ये १४ क्रमांक घेतला, तोही पुन्हा बांधून पुढचं घर भाड्यानं दिलं आणि मागची पट्टी स्वतःच्या दालनाला जोडली. पुढून पाहिलं तर तीन स्वतंत्र घरं. मागे मात्र तिन्ही प्लॉटांच्या परसांवरून आडवं पसरलेलं एकच दालन. रस्त्यावरून याचा पत्ताही लागत नाही.

दर्शनी भाग मात्र सोन यांनी गुपचूप ठेवला नाही. विटांच्या सपाट भिंतीपुढे पोर्टलंड दगडाची कमानींची सज्जेवजा रचना त्यांनी पुढे काढली. त्या दगडात नक्षी जवळजवळ नाहीच, फक्त कोरलेल्या बारीक रेघा. वर कोड नावाच्या कारखान्यातल्या भाजलेल्या कृत्रिम दगडाच्या दोन स्त्रीमूर्ती, अथेन्सच्या एरेक्थिऑन मंदिरातल्या स्तंभरूप स्त्रियांवरून घडवलेल्या. खिडक्यांच्या मधल्या जागेत वेस्टमिन्स्टर हॉलमधून आलेले मध्ययुगीन गॉथिक दगडही बसवले. त्या भागाचा सर्वेक्षक विल्यम किनार्ड यानं १८१२ मध्ये हरकत घेतली: बांधकाम ठरलेल्या रेषेच्या पुढे आलं आहे, कायद्याचा भंग आहे, सार्वजनिक उपद्रव आहे. प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे गेलं, तिथे सोन जिंकले. किनार्ड वरच्या न्यायालयात गेला, तिथेही हरला. सुरुवातीला त्या कमानी उघड्या होत्या. पुढे सोन यांनीच त्या काचांनी बंद केल्या, आणि पुढच्या खोल्यांना तेवढी खोली वाढवून मिळाली.

आत शिरल्यावर पहिली मोठी जागा जेवणघर आणि ग्रंथालयाची. मुळात या दोन खोल्या, पण मध्ये भिंत नाही. छतातून खाली उतरलेल्या आणि खांबाशिवाय अधांतरी थांबलेल्या कमानी दोन भाग वेगळे करतात. भिंतींचा रंग गडद लाल, पॉम्पेईच्या अवशेषांत दिसतो तसा. पुस्तकांच्या कपाटांच्या वर, छताच्या खाली जी पट्टी उरते तिथे आरसे बसवले आहेत. कपाटं भिंतीपाशी संपत नाहीत, त्यांच्या पलीकडे खोली चालूच आहे आणि तिचंही छत आपल्याच छताला जोडलेलं आहे, असं डोळ्यांना वाटतं. आरसा सहसा माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर लावतात. सोन यांनी तो अशा ठिकाणी लावला की तिथे आपण स्वतःला दिसत नाही, फक्त जागा दिसते. घर सजवणाऱ्या कुणीही ही एक गोष्ट नीट पाहून घ्यावी.

मग न्याहारीची खोली. माझ्या मते सबंध घराचा विचार या एका छोट्या खोलीत एकवटला आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

खोली लहान आहे आणि घराच्या मधोमध आहे, म्हणजे नियमानं सर्वांत अंधारी असायला हवी होती. तिच्यावर एक उथळ घुमट आहे. चार कोपऱ्यांतल्या सडपातळ आधारांवरून पसरट कमानी निघतात आणि त्यांच्यावर तो तोललेला आहे. पण हा घुमट सगळीकडे भिंतींना टेकत नाही. उत्तर आणि दक्षिण बाजूंना घुमटाची कड भिंतीच्या अलीकडेच थांबते आणि मधली फट वर थेट आकाशाकडे उघडते. तिथे वर काच आहे. टेबलाशी बसलेल्या माणसाला ती काच दिसत नाही. भिंतीवरून खाली ओघळणारा उजेड तेवढा दिसतो. म्हणजे ज्या भिंती सर्वांत काळोख्या असायच्या त्याच सर्वांत उजळ होतात, आणि मधलं छत थोडं सावलीत राहून तंबूसारखं हलकं वाटतं. घुमटाच्या शिरोभागी अष्टकोनी झरोका आहे, त्यात रंगवलेल्या काचा. कमानींच्या मधल्या त्रिकोणी भागांत फुगीर गोल आरसे बसवले आहेत. खोलीतले लहानमोठे आरसे मोजले तर शंभरावर जातात. एकेका फुगीर आरशात अख्खी खोली, खिडकीबाहेरचा चौक आणि आपण, सगळं चिमुकलं होऊन दिसतं आणि आपण पाऊल टाकलं की ते सगळं हलतं. अशा परिणामांना सोन वास्तुकलेचं काव्य म्हणत. छत आणि भिंत यांनी एकमेकांना सोडायचं आणि त्या फटीतून उजेड आत घ्यायचा, ही त्या काव्यामागची साधी, हिशोबी युक्ती.

या घुमटाचा आकार आपल्यापैकी अनेकांनी नकळत पाहिलेला आहे. १८१५ मध्ये एलायझा वारल्यावर सोन यांनी तिच्यासाठी जी समाधी बांधली तिच्यावरही असाच उथळ घुमट आहे. लंडनच्या लाल टेलिफोन बूथचं डोकं जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी तिच्यावरून घेतलं असं मानलं जातं. स्कॉट सोन संग्रहालयाचे विश्वस्तही होते.

मागच्या दालनाकडे जाताना दोन अगदी चिंचोळ्या जागा लागतात, सोन यांची अभ्यासिका आणि कपडे बदलायची खोली. दोन माणसं एकमेकांना ओलांडून जायला अवघडतात, पण दोन्ही बाजूंना छोटे उघडे चौक असल्यामुळे कोंडल्यासारखं वाटत नाही. मग एकदम मोठी उसळी: तळघरापासून छपरापर्यंत आरपार उघडी असलेली घुमटाची जागा. वरच्या काचेच्या झरोक्यातून येणारा उजेड तळमजल्याच्या कठड्यावरून थेट तळघरात उतरतो. बऱ्याच काचा पिवळसर आहेत, कारण सोन यांना लंडनच्या करड्या आभाळातून इटलीचा उजेड आणायचा होता. भिंतीचा इंचही मोकळा नाही. रोमन कलश, शिल्पांचे तुकडे, प्लास्टरचे ठसे, सगळं वरपर्यंत चढत गेलेलं. कठड्यावर सोन यांचा स्वतःचा अर्धपुतळा, समोर अपोलोचा भलामोठा ठसा. एवढी गर्दी असूनही जागा गुदमरत नाही, कारण उजेड वरून येतो आणि प्रत्येक उठावाखाली सावली पडते. तोच संग्रह बाजूच्या खिडकीच्या उजेडात अडगळ वाटला असता.

खाली तळघरात ती शवपेटी आहे, इजिप्तच्या सेती पहिला या राजाची, पांढरट अर्धपारदर्शक दगडाच्या एका अखंड शिळेतून कोरलेली. इजिप्तमध्ये जुन्या वस्तू शोधत फिरणाऱ्या बेल्झोनी या इटालियन माणसाला १८१७ मध्ये ती सापडली. ब्रिटिश म्युझियमनं २००० पौंडांना ती घ्यायचं नाकारलं तेव्हा १८२४ मध्ये सोन यांनी तेवढ्याच किमतीला घेतली आणि मागची भिंत फोडून आत आणली. मार्च १८२५ मध्ये तीन रात्री पाहुण्यांना बोलावून दिव्यांच्या उजेडात ती दाखवली.

याच दालनात विद्यार्थी-मदतनिसांची कचेरी आहे, आणि तिची बांधणी न्याहारीच्या खोलीइतकीच विलक्षण आहे. वरची लाकडी कचेरी बाजूच्या भिंतींना टेकत नाही. खालच्या मजल्यातल्या खांबांवर ती टेबलासारखी स्वतंत्र उभी आहे. तिच्या दोन्ही कडांना जी फट राहते तिच्यातून छपराचा उजेड खालच्या मजल्यावर पोचतो. म्हणजे मजला वाढवूनही खालच्या जागेचा उजेड हिरावून घेतला नाही. आपल्याकडे पोटमाळा काढताना नेमकं हेच विसरलं जातं.

चित्रांची खोली १८२४ मधली, १४ क्रमांकाच्या मागच्या पट्टीत. मापं सांगतो: १३ फूट ८ इंच लांब, १२ फूट ४ इंच रुंद, १९ फूट ६ इंच उंच. एवढ्या खोलीत ११८ चित्रं आहेत. भिंती म्हणजे मुळात मोठमोठ्या लाकडी झडपा. त्या कपाटाच्या दारासारख्या उघडतात आणि आत दुसरा थर, त्यावरही चित्रं. हॉगार्थची उधळ्या तरुणाच्या अधःपतनाची आठ चित्रं सोन यांनी १८०२ मध्ये ५७० गिनींना घेतली होती, आणि निवडणुकीवरची चार चित्रं १८२३ मध्ये. एकेक झडप उघडत जावं तशी कथा पुढे सरकते. दक्षिणेची शेवटची झडप उघडली की पलीकडे भिंतच नसते. एक खोल कोनाडा दिसतो, त्यात अप्सरेची मूर्ती, आणि खाली डोकावलं तर तळघरातली खोली. ज्या भिंतीवर आपण चित्रं पाहत होतो ती भिंत नाहीशी होऊन तिथून घराच्या दुसऱ्याच मजल्यावर नजर पोचते. जागा वाचवण्याची सोय आणि नाट्य दोन्ही एकाच बिजागरीवर फिरतात. ही खोली काही विद्वान अतिरेकी मानतात. मला ती शिकवणाऱ्या माणसाची खोली वाटते: जे दाखवायचं ते क्रमानं दाखवायचं, एकदम सगळं नाही.

पहिल्या मजल्यावरचे दोन दिवाणखाने त्या मानानं शांत आहेत. भिंतींचा रंग पिवळाधमक, टर्नरचा पेटंट पिवळा म्हणून ओळखला जाणारा. हा टर्नर रंग बनवणारा. सोन यांचा मित्र असलेला चित्रकार टर्नर वेगळा. इथलं हस्तिदंती टेबल आणि खुर्च्या श्रीरंगपट्टणच्या टिपू सुलतानच्या राजवाड्यातल्या म्हणून सोन यांच्याकडे आल्या, कारागिरी मुर्शिदाबादची.

आता या प्रकरणाचा दुसरा भाग, घर टिकलं कसं. सोन यांना दोन मुलगे होते. दोघांपैकी एकानं तरी वास्तुविशारद होऊन हे सगळं पुढे चालवावं अशी त्यांची इच्छा होती. थोरला जॉन १८२३ मध्ये वारला. धाकटा जॉर्ज कर्जात बुडाला होता. १८१५ मध्ये त्यानं वडिलांच्या कामाची खिल्ली उडवणारे लेख एका वर्तमानपत्रात निनावी छापले. आई आजारी होतीच. लेख कुणाचे हे तिला कळलं आणि काही आठवड्यांत ती गेली. सोन यांनी ते लेख चौकट करून ठेवले आणि हे जॉर्जनं घातलेले प्राणघातक घाव आहेत असं त्यावर लिहिलं. १८३३ मध्ये त्यांनी संसदेकडून खास कायदा करून घेतला: आपल्या मृत्यूनंतर घर आणि संग्रह विश्वस्तांकडे जावेत, लोकांना विनामूल्य पाहता यावेत आणि शक्य तितके आपण ठेवले तसेच राहावेत. जॉर्जनं विरोध केला, पण कायदा झाला. आजही प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

या कायद्याची किंमत समजून घ्यायची तर बँक ऑफ इंग्लंडकडे पाहावं. सोन यांनी तिथे पंचेचाळीस वर्षं काम केलं. वरून उजेड घेणारी दालनं त्यांनी तिथेच आधी घडवली होती. १९२५ पासून त्या बँकेचा बहुतेक भाग पाडून नवी इमारत उभी राहिली. ती बांधणारे हर्बर्ट बेकर, नवी दिल्लीतल्या सचिवालयाच्या नॉर्थ आणि साउथ ब्लॉकचे रचनाकार. बाहेरची कोट भिंत तेवढी उरली. राष्ट्राची बँक वाचली नाही आणि एका माणसाचं घर वाचलं, ते घरामागे कायदा उभा होता म्हणून.

तरी कायद्यानं सगळं आपोआप जपलं असं नाही. नंतरच्या व्यवस्थापकांनी सोयीसाठी फेरफार केले. दुसऱ्या मजल्यावरच्या सोन दांपत्याच्या खासगी खोल्या आणि इमारतींच्या नमुन्यांची खोली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लोकांना बंद झाली आणि तिथलं सामान हललं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत रंगीत काचा फुटल्या. गेल्या काही दशकांत हे सगळं पायरीपायरीनं परत आणलं गेलं. सुमारे ७० लाख पौंडांच्या मोठ्या कामातून दुसरा मजला पूर्ववत झाला आणि ते काम २०१६ मध्ये संपलं. आधार कशाचा घेतला? सोन यांच्या शिष्यांनी त्यांच्या हयातीत खोल्यांची जी जलरंगातली चित्रं काढून ठेवली होती त्यांचा. कुठल्या भिंतीवर काय टांगलं होतं, फडताळावर कोणता नमुना कुठे होता, हे त्या चित्रांत दिसतं. रंगांसाठी भिंतींवरचे थर तपासले. पिवळ्या काचा पुन्हा बसवल्या.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही. १८३७ हेच वर्ष खरं मानून नंतरच्या व्यवस्थापकांची कामं काढली, तर त्या काळाचा इतिहास पुसला जातो. एरवी जुन्या वास्तूंच्या बाबतीत मी या आक्षेपाच्या बाजूनं उभा राहिलो असतो. राहत्या इमारतीवर प्रत्येक पिढीचे थर असणं मला योग्य वाटतं. इथे मात्र पूर्ववत करणं बरोबर होतं असं माझं ठाम मत आहे. काच साधी झाली, एखादी फट बुजली की या घरात फक्त एक तपशील जात नाही, त्याच्याखालच्या दोन-तीन खोल्यांचा उजेड जातो, आणि खोल्या ज्यासाठी रचल्या तो हेतूच उरत नाही. इथली मूळ वस्तू उजेड आहे. संग्रह त्याच्यात मांडलेला आहे.

सगळ्यात शेवटी पाळी आली ती कचेरीची, भिंतींना न टेकणाऱ्या त्या लाकडी मजल्याची. तिची दुरुस्ती २०२३ मध्ये पूर्ण झाली आणि ती आता लोकांना पाहता येते. लांब टेबलं, खणांच्या रांगा, भिंतींवर शिकाऊ मुलांनी नक्कल करावी म्हणून लावलेले प्लास्टरचे तुकडे, आणि वर छपरातल्या काचा. वास्तुकला शिकणाऱ्यांनी लंडनला गेल्यावर शवपेटीआधी इथे यावं, टेबलापाशी उभं राहून कडेच्या फटीतून खाली पाहावं आणि मग तोच उजेड खालच्या मजल्यावर कुठे पडतो ते जिन्यानं उतरून शोधावं.